तेल प्यालेला तांबडा दगड

ये गं माझ्या नाती, लांबून का होईना, जरा जवळ बस. आजीचा फोन उचलायचा नाही, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात? म्हणून हे फोनात बोलून धाडतेय. झालं कसं ते ऐक, मग खुशाल रुस.

तू तो तांबडा दगड विदर्भातून टॉवेलात गुंडाळून आणलास. वाळूचा झालेला दगड, वर पाच बोटांचं पाऊल. "आजी, डायनासोरच्या आधीचं जनावर ओल्या वाळूत चाललं, त्याचं हे. कॉलेजचा दगड आहे, परत द्यायचाय. पाणी लावू नकोस, घासू नकोस." एवढं बजावून तू पुण्याला गेलीस. मी पाणी लावलं नाही, घासलं नाही. तुळशीपाशी ठेवून वर परात पालथी घातली. आता झाकलेलं काही दिसलं की आमच्या गुंजवण्यात कुणाला चैन पडतंय?

पहिल्या आल्या जाऊबाई. "परातीखाली काय वो?"

"पाऊल हाय. माणूस जन्मला नव्हता तवाचं."

"माणूस नव्हता, मग कुणाचं आसंल? देवाचंच की!"

"न्हाई वो, सुसरीवानी जित्राब व्हतं."

"सुसर? अगं बया, गंगामाईचं वाहन!" त्यांनी हातच जोडले.

मी जेवढं खरं सांगत गेले, तेवढा देव पक्का होत गेला. म्हशीची धार काढून येते तो बायकांनी तेलात शेंदूर कालवून पाऊल भरलंसुद्धा. आपला काळा कातळ तेल पीत नाही. म्हसोबाच्या शेंदराची खपली निघते. तुझा दगड मात्र गटागटा प्याला. "देवानं तेल घेतलं गं!" म्हणून जाऊबाईंनी आणखी वाटीभर ओतलं.

फोनवर सांगितलं तर तू एवढंच म्हणालीस, "आता सरांना काय दाखवू?" नि फोन ठेवलास, तो परत उचललाच नाहीस.

पोत्यात घालून पाठवते म्हटलं, तर बायका आडव्या. "आणला त्या लेकीनंच हलवावा, तिची ओटी भरून." खोटं कशाला बोलू, मग मीही त्या सुसरीपुढं हात जोडले. म्हटलं, नातीला तेवढं आण.

येत्या अमावस्येला बायकांचा शेंदराचा दुसरा थर द्यायचा बेत आहे. पावलाच्या नखांच्या खुणा अजून तरी दिसतात. मी परात दाबून बसते, पण माझ्या गुडघ्यांचा काय भरवसा? त्याआधीची एसटी धर नि ये बाई लवकर.