वॉटर पार्कातलं धोंड्याचं जेवण

यंदा अधिक महिना भर उन्हाळ्यात आला, आणि दाजींनी चांदीच्या ताटाऐवजी वॉटर पार्क मागितला.

"ताट ठेवून करायचं काय? कपाटात काळं पडतं," ते आईला म्हणाले. "त्यापेक्षा मामी, सगळेच पाण्यावर जाऊ. पोरगी बी खूश होईल." दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. जिंतूरकडचे आहेत, सासूला मामी म्हणतात. धोंड्याच्या महिन्यात जावयानं काही मागावं आणि सासूनं नाही म्हणावं, हे आमच्याकडं होत नाही. परभणीच्या पुढं, हायवेच्या कडेला नवा पार्क झाला होता. तिथं जायचं ठरलं.

आमचं घर ताडकळसजवळच्या खेड्यात, आणि पत्रकांवर वाढलेलं. वडिलांनी जन्मभर पत्रकं लिहिली, छापली, बाजाराच्या दिवशी उभं राहून वाटली. मी अक्षरं शिकले ती उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर. शाळेतला माझा पहिला निबंधसुद्धा 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' असा सुरू झाला होता. हुंडा आणि जावयाचे मानपान यांच्याविरुद्ध वडिलांचं एक खणखणीत पत्रक आहे, ते मला अजून पाठ आहे. आईलाही आहे. डब्याच्या तळाला घालायला तिला तोच कागद आवडतो, जाड आहे म्हणून.

वडील आले नाहीत. "गावाला टँकरची वाट बघावी लागायलीय अन् तिथं मशीननं लाटा करायलेत," असं म्हणून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. माझंही मत तेच होतं, आजही तेच आहे. पण ताई म्हणाली, "तू न्हाई आलीस तर आईजवळ कोण बसंल?" मी गेले. पाण्यात उतरणार नाही, अशी अट घालून गेले. माझ्या अटीकडं कुणी लक्षही दिलं नाही.

आई पहाटेच उठून चुलीपुढं बसली होती. पुरण भरलेले धोंडे तुपात तळले, तेहतीस मोजून डब्यात रचले, वर फडकं बांधलं. आणि मनाशी ठरवून टाकलं की जावयाच्या तोंडात धोंडा पडल्याशिवाय आपण पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. घरीच त्यांना जेवू घातलं असतं तर सकाळीच सगळं उरकलं असतं. पण दाजी म्हणाले, "पाण्यात खेळून आलं की भूक लय लागती, तिथंच झाडाखाली बसून खाऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या डोळ्यांपुढं जत्रा होती. जत्रेत जायचं, झाडाखाली सतरंजी टाकायची, डबा सोडायचा. पार्क म्हणजे पाण्याची जत्रा, एवढंच आम्हाला कळत होतं.

आईनं पाणी घेतलेलं नाही, हे मला गाडीत कळलं. पाण्याची बाटली पुढं केली तर तिनं मान फिरवली.

"हे कोणत्या पोथीत लिहिलंय?" मी विचारलं.

"माझ्या मनात लिहिलंय. तुझ्या पत्रकात नसंल."

"आई, ऊन बघ जरा. चक्कर येऊन पडशील."

"कांदा ठेवलाय की कंबरंला," ती म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघत बसली. उन्हाची झळ लागू नये म्हणून आमच्या बायका कमरेला कांदा खोचतात. दाजींनी यातलं काही ऐकलं नाही. ते पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि गाडीत गाणं जोरात लागलं होतं.

पार्कापुढं आख्खा जिल्हा उतरला होता. गाड्या, टमटम, पिकअप, मोटरसायकली. पत्र्याच्या शेडखाली तिकिटाची रांग, शेडच्या बाहेर तिचं शेपूट उन्हात. लहान पोरं रडत होती, बायका पदरानं वारा घेत होत्या, आणि भिंतीपलीकडून पाण्याचा आणि किंकाळ्यांचा आवाज येत होता. तो ऐकून बाहेरचं ऊन अजूनच चटका द्यायचं. तिकिटं काढून दाजी, ताई आणि भाची पुढं सुटले, कपड्यांच्या काउंटरवर नंबर लावायला. आत फक्त त्यांचे भाड्याचे कपडे घालूनच पाण्यात उतरता येतं आणि त्यासाठीही रांग असते. मी आणि आई डबा घेऊन मागं राहिलो.

गेटवर एक सिक्युरिटीवाली बाई पिशव्या तपासत होती. माझ्याहून फार मोठी नसेल. तिनं आधी आईच्या कमरेचा कांदा काढून घेतला.

"खायचं सामान आत चालत न्हाई, मावशी."

"अगं, तो खायाचा न्हाई."

"कांदा खायाचा न्हाई तर कशाचा?" मागच्या माणसानं विचारलं आणि रांग हसली.

मग तिनं डबा बघितला. डबाही आत जाणार नव्हता. बाजूच्या काउंटरवर ठेवायचा, जाताना घेऊन जायचा. काउंटरच्या एका फळीवर डबे होते, तिच्या खालच्या फळीवर लोकांच्या चपला.

आईनं डबा छातीशी धरला. "धोंड्याचं वाण चपलांपाशी ठिवू?"

"मी काय करू मावशी, वर कॅमेरा हाय. माझी नोकरी जाईल."

इथं मला राहवलं नाही. मी बोलायला लागले. आत पाण्याची बाटली विकता आणि बाहेरची बंद करता, हा कसला नियम, माणसानं घरचा घास खाऊ नये असा कायदा कुणी केला, एवढ्या उन्हात म्हाताऱ्या माणसांना उभं करता. बोलता बोलता आवाज चढला. वडिलांचीच चाल होती, मुद्दा, उसासा, मुद्दा. मला वाटलं मागची रांग माझ्या बाजूनं उभी राहील.

"ओ ताई, भाषण आत जाऊन ठोका की," मागून आवाज आला. "पोरगं उन्हानं वाळायलंय."

"मतदान झालं की आता, कशाला प्रचार करायलाव?" दुसरा म्हणाला. पुन्हा रांग हसली, आणि ढकलून पुढं सरकली. सिक्युरिटीवाली माझ्याकडं बघतही नव्हती. पुढच्या पिशवीत तिला चकल्या सापडल्या होत्या.

आई डबा घेऊन रांगेतून बाहेर पडली. गेटच्या डाव्या हाताला, रेलिंगच्या बाहेर, एका टेम्पोची सावली होती. तिथं ती डबा मांडीवर घेऊन खाली बसली. "तू जा. जावईबापूंना सांग, डबा हितं हाय म्हणून. सावकाश या म्हणावं, घाई न्हाई."

घाई नाही. तिच्या ओठांवर पांढरी साय धरली होती. सावली पायांवरून सरकायला लागली होती, थोड्या वेळानं ती पूर्ण उन्हात येणार होती. मी म्हटलं, घोटभर घे, कुणाला कळणार नाही. "मला कळंल ना," ती म्हणाली. मी चिडून आत गेले. कुणावर चिडले होते ते धड ठरत नव्हतं. दाजींचा यात काय दोष? त्यांना माहीतच नव्हतं. आईचा? तिनं आनंदानं केलं होतं. पत्रकात असं नसतं, तिथं शत्रूचं नाव पहिल्याच ओळीत असतं.

आत चपला नेता येत नाहीत. फरशी तव्यासारखी तापली होती. जिथं पाणी सांडलं होतं तिथून पुढच्या ओल्या जागेकडं लोक उड्या मारत जात होते. मोठमोठी माणसं, मिशीवाली, पोट सुटलेली, सगळी टुणटुण. मीही उड्या मारत निघाले. घसरगुंड्यांच्या लोखंडी जिन्यांवर पायरीला पायरी माणूस होता. झाडाची सावली नावाला, छत्र्यांखालच्या खुर्च्यांवर ओल्या टॉवेलांनी जागा धरलेल्या. आणि सगळे पुरुष एकाच रंगाच्या भाड्याच्या कपड्यांत, केशरी. ओली डोकी, केशरी अंगं. यात आपले दाजी ओळखायचे कसे? त्यांचा फोन लॉकरमध्ये होता.

ताई सापडली. भाचीला मांडीवर घेऊन कारंज्याखाली बसली होती. मी सांगितलं तशी तिचा चेहरा उतरला.

"अजून पाणी न्हाई घेतलं तिनं? मला वाटलं, आत आली की एक धोंडा यांच्या हातावर ठेवील अन् मोकळी होईल."

"दाजी कुठंयत?"

"लाटांत. तिकडं."

लाटांचा तलाव म्हणजे माणसांचाच तलाव होता. भोंगा वाजायचा, लाट उठायची, शेकडो केशरी खांदे एकदम वर यायचे आणि खाली जायचे. मी काठावरून हाका मारल्या. माझीच हाक मला ऐकू आली नाही. आत एक पाऊल टाकलं तर शिट्टी वाजली. माझ्या अंगात भाड्याचे कपडे नव्हते.

काठाला एका मचाणावर गाणी लावणारा पोरगा बसला होता, डोक्याला टोपी, हातात माईक. मी त्याला गाठलं.

"हरवलेल्या लेकरांचंच सांगतो आमी," तो म्हणाला.

"माझी आई बाहेर उन्हात बसलीय. पाणी पीत नाही. जावयानं धोंडा खाल्ल्याशिवाय पिणार नाही."

त्यानं गाणं बंद केलं. "धोंड्याचं हाय का? मग सांगायलाच पायजे." मी दाजींचं नाव, गाव सांगितलं. त्यानं हात हलवला. "नावानं कोन ऐकत न्हाई हितं. थांबा." आणि माईक तोंडाला लावून ओरडला, "धोंड्याला आलेले जावईबापू! तुमच्या सासूबाई गेटवर उपाशी बसल्यात हो! पाण्याचा थेंब घेतला न्हाई त्यांनी! खेळ बास झाला, गेटवर या!"

लाट ओसरली आणि तलावातून जावई निघायला लागले. एक नाही, दोन नाही. हा निघाला, तो निघाला, काठावरच्या बायका आपापल्या नवऱ्याला ओरडायला लागल्या, "अहो, माझी आई हाय का बघा!" धोंड्याच्या महिन्यात निम्मा जिल्हा जावयांना घेऊनच आला होता. प्रत्येकाला वाटलं, आपलीच सासू. तापलेल्या फरशीवरून केशरी जावयांची रांगच्या रांग उड्या मारत गेटकडं निघाली. मला हसू यायला हवं होतं. मी फक्त चेहरे शोधत होते.

दाजी सगळ्यांत शेवटी आले, कानातलं पाणी झटकत. "काय झालं? कोण बुडालं?"

मी एका दमात सगळं सांगितलं. जरा कडूच सांगितलं. तुमच्या हौसेपायी, असंही म्हणाले. ते पळत सुटले, ओल्या-कोरड्याची निवड न करता.

गेटवर बाकीचे जावई आपापली सासू नाही याची खात्री करून परतत होते. रेलिंगच्या बाहेर आई आता पूर्ण उन्हात होती. डब्यावर तिनं पदर धरला होता, स्वतःवर नाही. दाजी बाहेर निघाले तसा सिक्युरिटीवालीनं हात आडवा केला. भाड्याचे कपडे घालून बाहेर जाता येणार नाही. कपडे परत करा, शिक्का मारून घ्या, मग जा. कपडे परत करायची रांग घसरगुंडीपर्यंत गेली होती.

माझं तोंड उघडलंच होतं. दाजी म्हणाले, "तू थांब."

मग त्यांनी तिला विचारलं, "खाणं आत आणायचं न्हाई. अन् कपडे बाहेर न्यायचे न्हाईत. बरोबर?"

"बरोबर."

"मग तोंड बाहेर काढलं तर?"

ती गोंधळली. दाजींनी रेलिंगवर हात टेकला आणि "आई गं!" करून मागं घेतला. लोखंड पोळत होतं. मी ओढणी काढली, नळाखाली भिजवली आणि रेलिंगवर टाकली. जावयासाठी. पायघडीच ती, आणि घातली मीच. दाजी त्यावर पोट टेकून पुढं वाकले. पाय आत, तोंड बाहेर.

"वाढा, मामी."

आई डबा घेऊन उठली, आणि थांबली. "असं उभ्यानं?" ती म्हणाली. पाट नाही, ताट नाही, निरांजन नाही. तिचा हात फडक्याच्या गाठीवर अडकला होता. तिचे डोळे ठरत नव्हते, जरा झोकही जात होता. मला वाटलं, ही नाही म्हणेल, आणि पुन्हा उन्हात जाऊन बसेल.

"उभा कुठंय?" दाजी म्हणाले. "पोटावर बसलोय की, मामी. मांडी तेवढी आत राहिलीय."

आई हसली. कोरडा ओठ फुटून रक्ताचा बारीक ठिपका आला. तिनं कमरेच्या पिशवीतून कुंकू काढून त्यांच्या ओल्या कपाळाला लावलं, ते लगेच नाकावर ओघळलं. मग गाठ सोडून एक धोंडा त्यांच्या तोंडाशी नेला. दाजींनी तो आख्खा तोंडात कोंबला. गाल फुगवून, डोळे मोठे करून त्यांनी मला हातानंच खुणावलं, पाणी.

मी रेलिंगबाहेर येऊन आईजवळच ठेवलेली गाडीतली बाटली तिच्या हातात दिली. पाणी गरम झालं होतं. आईनं ते न थांबता प्यायलं, अर्धं पदरावर सांडत, लहान लेकरासारखं गटगटा आवाज करत. मी तिची खांदा-पाठ धरून उभी होते. पाठ तापली होती, सदऱ्याला टेकवलेल्या इस्त्रीसारखी. बाटली संपली तरी ती तोंडालाच लावून होती. सिक्युरिटीवाली दुसरीकडं बघत होती. तिनं आतून दुसरी बाटली रेलिंगवर ठेवली, काही न बोलता.

आईला मी टेम्पोच्या सरकलेल्या सावलीत बसवलं, दोन-तीन लांब श्वास घेऊ दिले. मग विचारलंच. विचारायला नको होतं का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"आई, तीन वर्षांनी पुन्हा धोंडा येईल. तेव्हा तरी पाणी पिशील ना?"

तिनं तोंडावरून ओला पदर फिरवला. "तेव्हा घरीच वाढू," ती म्हणाली. "ऐन सकाळी."

"मी पाण्याचं विचारतेय."

"अन् मी सांगायलेय की, सकाळीच वाढू म्हणून." मग माझ्याकडं न बघता तिनं डब्याचं फडकं नीट केलं. "जा, तुझ्या बहिणीला बोलव. लेकरू उपाशी हाय. अन् त्यांना अजून एक दे, गार व्हायच्या आत."

दाजी रेलिंगवर तसेच लोंबकळत होते, तोंड उघडं ठेवून. मी धोंडा उचलला.