काकींचा ताग
कुठलंही रोप सुकलं की काकी ते आधी उपटायच्या, लुगड्याला मुळं पुसायच्या आणि म्हणायच्या, "वरनं काय बगताय? खालनं बगा की."

मोहोळजवळ आमच्या मळ्याला त्यांचा मळा लागून होता. इंग्रजांचा अंमल, सोलापुरात गिरण्यांचे भोंगे जोरात. गिरणीतल्या बायका काकींच्या वांग्यांची वाट बघायच्या.

एका वर्षी ती वांगी ऐन तोडणीत बसली. झाडं पिवळी पडली, दुपारी माना टाकू लागली. नेमकी त्याच सुमारास काकींची धाकटी जाऊ मळ्यातून चालत गेली होती. तिला मूलबाळ नव्हतं. तुम्हाला गावं ठाऊक आहेत. तिनंच करणी केली, अशी विहिरीवर कुजबुज उठली आणि धाकटीनं पाण्याला येणं सोडलं. काका तर नारळ घेऊन भगताकडे निघाले.

काकींनी त्यांना बांधावरच अडवलं. एक झाड उपटून पुढं धरलं. मुळांवर मण्यांसारख्या गाठीच गाठी.

"ह्या गाठी तिनं बांदल्या व्हय? मातीत शिरून?"

"मग कुनी?"

"मातीतच कायतरी किडा हाय. गेल्या साली दोराला ताग लावलावता, त्या कोपऱ्यातली वांगी बगा. हिरवीगार हायती. औंदा समद्या रानात ताग."

"आन् खायचं काय? ताग?"

"तुमी न्हाय. माती खाईल."

मृगात ताग पेरला. कमरेच्या वर गेला, पिवळ्या फुलांनी भरला. दोर वळायच्या वाखासाठी लोक मागायला आले. काकींनी कुणाला काडी दिली नाही. फुलावर असतानाच सगळा नांगरून गाडला आणि कुजू दिला. त्या पावसाळ्यात त्यांच्या मळ्यातून सोलापूरला एक पाटी गेली नाही. काका बोलेनासे झाले. काकींचा आवाज मात्र होता तेवढाच मोठा.

लावणीच्या दिवशी त्या रोपं घेऊन धाकटीच्या दारात उभ्या राहिल्या.

"चल. पयलं रोप तू लाव."

धाकटी आतूनच म्हणाली, "आक्का, पुन्ना बसली तर? गाव मला जित्ती ठेवायचं न्हाय."

"बसली तर माज्या हातानं बसली म्हनीन. निघ भाईर."

ती निघाली. सगळ्यांच्या देखत तिनं पहिलं रोप लावलं. भोवतीची माती तिनं दोनदा दाबली, हे मी बांधावरून पाहिलं.

गाठी पुरत्या गेल्या नाहीत. एखाद्या मुळावर दिसायच्या. पण झाडं उभी राहिली, लगडली. करणीचा शब्द पुन्हा कुणी काढला नाही.

काकी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्या दिसतात त्या पहिल्या तोड्याच्या सकाळी. सोलापूरची वाट सोडून त्यांनी गाडी मुद्दाम विहिरीवरून घेतली होती. पाट्यांच्या मधोमध धाकटी अंग चोरून बसलेली, आणि काकी घागरी घेऊन थबकलेल्या बायांकडे बघत तिला दरडावत होत्या, "मान वर कर की गं. लई ऐटीत बस."