डावा हात खिशात

आत्याच्या प्रत्येक कपड्याला डाव्या बाजूला खिसा असतो. फक्त डाव्या. शिंपी दर वेळी विचारतो, "बाई, उजवा राहिला का?" आणि आत्या दर वेळी सांगते, "उजव्याला कामं असतात."

एकतीस वर्षं ती रेडिओ केंद्राच्या ट्रान्समीटरवर इंजिनियर होती. त्या यंत्रांत हजारो व्होल्ट. दोन्ही हात आत घातले तर एका हातातून शिरलेली वीज काळजातून जाऊन दुसऱ्या हातातून बाहेर पडते. म्हणून पहिल्याच दिवशी तिला दोन गोष्टी शिकवल्या गेल्या: डावा हात खिशात, आणि बसायचं ते लाकडी स्टुलावर. आत्या निवृत्त झाली, या सवयी झाल्या नाहीत. अजूनही कुणाकडे गेली की गुबगुबीत खुर्ची सोडून स्टूल शोधते. बाबा म्हणतात, "माझी ताई म्हणजे रस्त्यावरचा दिवा. कुठेही बसव, ताठच."

आता ती ओळखीपाळखीच्यांचे कॉम्प्युटर बघते. तेही सगळे नाही. "पूर्ण मेलेलं मशीन कुणीही दुरुस्त करेल," ती म्हणते. "मधूनच मरतं, मधूनच उठून बसतं, ते माझ्याकडे आणा."

आणि मग वहिनीचं प्रकरण आलं.

वहिनी, माझ्या दादाची बायको, रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात लागली होती. तीन महिने उमेदवारीचे, त्यातले अडीच सरलेले. फोन घ्यायचा, पत्ता टिपायचा, गाडी पाठवायची. तिला ते काम मनापासून आवडायचं. पण तिच्या टेबलावरचा स्क्रीन मधूनच काळा व्हायचा. पाच-सहा सेकंद फक्त, पण नेमका गंभीर कॉल चालू असताना. आधी मॉनिटर बदलला. मग वायर बदलली. मग अख्खा कॉम्प्युटरच बदलला. तरी तेच. शेवटी साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "सगळं बदलून झालं. बदललं नाही ते फक्त माणूस. कॉल आला की तुमची धांदल उडते, हात कुठेतरी लागतो. सोमवारी ठरवू."

त्या संध्याकाळी वहिनी आत्यासमोर बसली होती. "आत्या, खरं सांगू? आता मलाच वाटायला लागलंय की मीच काहीतरी करते. मी घाबरट आहे."

"दुधावरची साय मांजरीसमोर ठेवून घराबाहेर जाणारी बाई तू. घाबरट कसली?"

"चेष्टा नका हो करू."

"बरं, नाही करत. मशीन खोटं बोलत नाही, तूही बोलत नाहीस. म्हणजे तिसरं कुणीतरी आहे. शोधू."

शनिवारी सकाळी आम्ही तिघी तिथे. साहेबांनी परवानगी दिली, पण "बघू द्या आजींना" अशा सुरात. आत्याने पिशवीतून जुना ट्रान्झिस्टर काढला आणि दोन स्टेशनांच्या मधे लावला, जिथे नुसती खरखर ऐकू येते.

"गाणी ऐकायला आलात का?" साहेब.

"चोर ऐकायला," आत्या म्हणाली. "हवेत काही गडबड झाली की हा बोंबलतो."

मग ती कक्षभर फिरली. दाराशी पहारेकऱ्याच्या वॉकीटॉकीपाशी थांबली. लिफ्टची मोटर, ट्यूबलाइट, गच्चीवरचा टॉवर, सगळ्यांची झडती झाली. मग वहिनीला शेजारच्या रिकाम्या टेबलावर काम करायला बसवलं, तिची चाकांची खुर्ची ढकलून कोपऱ्यात सारली, चहाच्या खोलीतून लाकडी स्टूल आणलं आणि वहिनीच्या स्क्रीनसमोर ठाण मांडलं. डावा हात खिशात.

तीन तास गेले. स्क्रीन शहाण्या बाळासारखा उजळ.

साहेब घड्याळ बघून म्हणाले, "तुमच्यासमोर नाही होत ना? आमच्या तंत्रज्ञासमोरही नाही झालं. तो तर दोन तास इथे उभा होता."

आत्याने फक्त ट्रान्झिस्टरचा आवाज थोडा वाढवला.

वहिनीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या, आत्या. उठा. माझी ड्युटी आहे, मला माझ्या जागी बसू द्या. जे व्हायचं ते होईल." तिने कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि बसली. ट्रान्झिस्टर टेबलावर तसाच खरखरत होता.

"पाणी देते तुम्हाला," म्हणत ती पटकन उठली.

टक्!

ट्रान्झिस्टरमधून आला आवाज. स्क्रीन चालूच होता. पण आत्याचे डोळे मोठे झाले.

"बस. पुन्हा ऊठ."

वहिनी हळू उठली. काही नाही.

"अशी नाही गं! कॉल आला की कशी उठतेस?"

"तशीच... म्हणजे, गंभीर कॉल असला तर भिंतीवरच्या नकाशात बघावं लागतं कुठली गाडी जवळ आहे. बसलं की टेबलापुढची ही फळी आड येते ना."

"बस. मी फोनवर आहे." आणि आत्याने असा टाहो फोडला की पहारेकरी आत डोकावला. "अहो बाई, माझा नवरा जिन्यावरून पडला हो! डोळे उघडत नाही!"

वहिनी ताडकन उठली. टक्! आणि स्क्रीन काळा.

एक, दोन, तीन, चार, पाच. उजेड.

"मी हात लावला नाही," वहिनी पुटपुटली. दोन्ही हात वर धरून तशीच उभी. "साहेब, बघा, मी हात लावला नाही!"

"खुर्ची," आत्या म्हणाली. "ही खुर्ची नवीन ना?"

"हो," साहेबांचा आवाज उतरला होता. "जुन्या लोकांनी आपापल्या सोडल्या नाहीत. यांना नवी दिली."

"हवा कोरडी, अंगात नायलॉनचं जाकीट. बसल्या बसल्या वीज साठते. झटक्यात उठलं की खुर्चीच्या दांड्यात नळीवर नळी सरकते आणि आत ठिणगी पडते. ठिणगी म्हणजे बारकासा ट्रान्समीटरच. जवळची मॉनिटरची वायर ते पकडते. हळू उठलं तर काही नाही. त्यामुळे फक्त गंभीर कॉललाच." मग तिने कपाळावर हात मारून घेतला. डावा हात! "आणि मी शहाणी स्टूल घेऊन बसले! गुन्हेगाराला स्वतःच्या हातांनी कोपऱ्यात ठेवलं, आणि चोर शोधत टॉवरपर्यंत गेले."

साहेबांनी ती खुर्ची मागे ओढली. मग त्यांनी स्वतःची जुनी, करकरणारी, चार पायांची खुर्ची उचलून आणली आणि वहिनीसमोर ठेवली. "बसा. सोमवारी यायची गरज नाही... म्हणजे, या! कामाला या. ते ठरवायचं राहिलंच नाही आता."

वहिनी बसली, आणि मग टेबलावर डोकं ठेवून इतकी हसली की रडते आहे की काय कळेना.

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. मी आत्याकडेच होते. "आत्या, आज नऊ गंभीर कॉल. नऊ वेळा ताडकन उठले. एकदाही नाही!"

"आणि जिन्यावरून पडलेला नवरा?"

"तो बरा आहे," पाठीमागून दादाचा आवाज आला. "भूक लागलीय त्याला."

ती नवी खुर्ची साहेबांनी आत्याला देऊन टाकली. ती आता खिडकीशी असते, शेजारी ट्रान्झिस्टर. कुणी आलं की आत्या त्याला तिच्यात बसवते, झटक्यात उठायला लावते आणि टक् ऐकवते. स्वतः मात्र अजूनही स्टुलावर.