बाईंच्या हातातला फोन

देवरूखहून सुटणाऱ्या एसटीत एक शिक्षिका रोज माझ्या शेजारी बसायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मोबाइल कायम हातात, पण त्यात बघत मात्र नसत. एकदा मी कारण विचारलं.

"वर्गातल्या एका मुलीचे बाबा सैन्यात आहेत. ते सीमेवर गेल्यापासून ती बोलेनाशीच झालीय. त्यांना रेंज मिळते ती नेमकी शाळेच्या वेळेत, म्हणून माझा नंबर दिलाय. गणित काय, नंतरही शिकवता येतं."

एका सकाळी शाळेच्या थोडं अलीकडे फोन वाजला. "भाऊ, ठेवू नका हं, शाळा आलीच!" म्हणत त्या दाराशी गेल्या. बस थांबताच उतरून पटांगणात धावल्या. "गो बाय, बाबांचा फोन!"

मुलगी पळत आली. आधी फोन कानाला लावून नुसती मान हलवत राहिली. मग बोलायला लागली, ती थांबेचना. भोवती जमलेल्या पोरांना बाईंनी मागे सारलं आणि स्वतःही तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता. त्याने ती ओढली नाही, आणि बसमधल्या कुणालाही घाई नव्हती.