घाटोळे सरांचा फटका

बोलता बोलता हातातला किल्ल्यांचा जुडगा वर फेकायचा आणि तो खाली येईपर्यंत त्याच्याकडे एकटक पाहायचं, ही घाटोळे सरांची सवय. नागपुरातल्या आमच्या शाळेत ते गणित शिकवत, मी मराठी. एकदा जुडगा शिक्षकांच्या खोलीतल्या पंख्याला लागून मुख्याध्यापकांच्या चहात पडला. सर शांतपणे म्हणाले, "रस्ता बराबर होता. पंखा मधात आला."

वर्गसमीकरण आलं की त्यांना चेव येई. "समीकरण एकच हाय, लिहाचे रूपं तीन. चेंडू कुठून निघाला, कुठं पडला ते पाह्यजे, तं अवयवांचं रूप घ्या. किती उंच गेला ते पाह्यजे, तं शिरोबिंदूचं. अन् सुरुवातीले किती उंचीवर होता ते पाह्यजे, तं साधं रूप. आपल्याले काय पाह्यजे ते आधी ठरवा गा!"

मैदानाला लागूनच एका निवृत्त वकिलांचं घर होतं. पोरांच्या चेंडूंनी त्यांच्या खिडक्यांच्या काचा सारख्या फुटत. शेवटी ते मुख्याध्यापकांकडे आले आणि क्रिकेट बंदच करा म्हणाले. मुख्याध्यापक मान डोलावणार, तेवढ्यात सर मधे पडले. "पोट्ट्यांचं खेळणं काहून बंद करता जी? भिंतीवर जाळी लावू. किती उंच, ते मी काढून देतो."

जाळी लागली. सरांनी मैदानात फळा आणवला, वकीलसाहेबांना खुर्ची दिली, चेंडूची कमान काढून सगळं गणित समजावलं. मग पँट वर दुमडून स्वतः बॅट घेतली. "याच्याहून मोठा फटका शाळेत कोणी मारत नाही. पाहा, जाळीतच अडकन."

फटका सुरेख बसला. चेंडू जाळीच्या वरच्या दोरीला घासून पलीकडे गेला आणि काच खळ्ळकन फुटली.

वकीलसाहेब उठले ते तडक फळ्यापाशी गेले. काठीनं कमानीच्या टोकावर ठोकत ओरडले, "मास्तर, तुमच्या चित्रात चेंडू जमिनीतून उगवतो! बॅट तर कमरेजवळ होती!"

सरांनी फळ्याकडे पाहिलं. मग बॅट टाकून धावले आणि त्यांनी वकिलांचे दोन्ही हात धरले. "शाब्बास! सुरुवातीची उंचीच घेतली नाही मी! पोट्टेहो, पाहा, अवयवांच्या रूपात जमिनीवरून निघालो, साधं रूप घ्याले पाह्यजे होतं. वकीलसाहेब, तुमी गणितात काहून नाही आले जी?"

वकिलांना रागच टिकवता येईना. नवं गणित दोघांनी मिळून मांडलं, म्हणजे सर लिहीत होते आणि वकीलसाहेब ओळीओळीला हरकत घेत होते. जाळी वाढली, क्रिकेट चालू राहिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रत्येक वर्गात आपली चूक फळ्यावर सोडवून दाखवली. मी म्हटलं, "सर, एवढं जाहीर कशाला करायचं?"

"बाई, पोट्ट्यांच्या चुका मी फळ्यावर मांडतो. मंग माही काहून झाकू?"

ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या सभेत आम्ही सगळे ठरावीक बोललो. शेवटी वकीलसाहेब उठले. म्हणाले, "जन्मभर कोर्टात लोकांच्या चुका दाखवल्या. लोकांनी शिव्या दिल्या. शाब्बास म्हणणारा हा एकच भेटला."

सर उत्तराला उभे राहिले. चष्मा पुसला, परत लावला, पुन्हा काढला. मग सरळ जाऊन वकीलसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.