टीव्ही गेम किती खपेल

पाटलांच्या टीव्हीच्या मागचे दोन स्क्रू सैल करून मी अँटेनाची वायर बाहेर काढली, तेव्हा ओटीवरची सगळी माणसं बोलायची थांबली. पाटील झोपाळ्यावर होते. त्यांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला.

"ती वायर कशाला काढली?"

मी सांगितलं की तिथे आमचा टीव्ही गेम जोडायचा आहे. पंधरा मिनिटं खेळून दाखवतो, मग वायर पुन्हा होती तिथे लावतो.

"व्हती तिथं लागंल. पन व्हतं तसं दिसंल का?"

दिसेल, असं मी म्हणालो. त्या दिवशी मी न मोजता दिलेलं हे एकच उत्तर.

तेव्हा मी खालापूर तालुक्यातल्या एका लहान कारखान्यात होतो. आम्ही ट्रान्झिस्टर रेडिओ जोडायचो. माझ्याकडे स्टोअर आणि विक्रीचे आकडे होते, म्हणून फोरकास्टही माझ्याकडे आला. फोरकास्ट म्हणजे पुढच्या वर्षी माल किती खपेल याचा आधीच द्यायचा आकडा. तो बरोबर आला तर साहेबांचा असतो, चुकला तर माझा.

रेडिओ खपेनासे झाले होते. असेंब्ली लाइनवर अकरा बायका होत्या आणि त्यांच्या सुपरवायझर शोभाताई गायकवाड. दिवाळीपर्यंत नवं काम आलं नाही तर लाइन बंद, असं मॅनेजर भाटे साहेबांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. नवं काम म्हणजे टीव्ही गेम. एक प्लास्टिकचा खोका, त्यावर दोन गोल बटणं. टीव्हीला जोडला की पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या आणि एक चेंडू दिसे. बटण फिरवलं की पट्टी वरखाली होई आणि चेंडू परतवता येई. आतली चिप परदेशातून येणार होती, आणि किती चिपा मागवायच्या हे माझ्या आकड्यावर ठरणार होतं.

साहेबांचा आकडा तयार होता. त्या काळी टीव्हीला लायसन्स लागे आणि त्याची नोंद पोस्टात असे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली लायसन्सं त्यांनी माझ्याकडून मोजून घेतली, पाचाने भागली आणि चारशे काढले.

"पाचच का साहेब?"

"ठोंबरे, दर पाच घरांत एक हौशी माणूस असतोच."

याला आधार काय, ते मी विचारलं. त्यांनी आधार म्हणून आपला मेहुणा सांगितला.

चारशे कॅबिनेट, म्हणजे रिकामे खोके, त्यांनी आधीच मागवूनही टाकले होते. मुंबईचा साचेवाला चारशेच्या खाली ऐकत नव्हता. चिपांसाठी मात्र मी मुदत मागितली आणि सहा सॅम्पल घेऊन बाहेर पडलो. चोवीस घरं निवडली. बारा रसायनीच्या कॉलनीत, बारा चौक गावापासून शेलूपर्यंतच्या गावांत. प्रत्येक घरी गेम आठ दिवस ठेवायचा. मी मधे जाऊन विचारायचं: किती वेळ खेळले, कोण खेळलं, विकत घ्याल का. वहीत तीन रकाने होते. चौथा रकाना 'इतर'. वही आखताना कडेला जागा उरली म्हणून तो पाडला होता.

कॉलनीत पहिले चार दिवस रोज तीन-तीन तास खेळ चाले. पाचव्या दिवशी अर्धा तास. आठव्या दिवशी गेम खोक्यात भरून, वर मूळची दोरी बांधून, दाराशी माझी वाट पाहत असे. चेंडू दोनच दिशांनी जातो, हे माणसाला साधारण पाच दिवसांत कळतं.

गावांतला हिशेब निराळा निघाला. पहिल्या दिवशी, मी समोर असताना, साठ माणसं. दुसऱ्या दिवसापासून शून्य. चार घरांत शून्य लिहिल्यावर मला वाटलं माझंच काही चुकतंय. पाचव्या घरी बसून राहिलो.

आमच्याकडे डोंगरांमुळे मुंबईचं चित्र येईपर्यंत दमलेलं असे. अँटेना वीस-पंचवीस फुटी बांबूवर चढवत. एक जण कौलांवर, एक अंगणात, एक टीव्हीपुढे. आतला ओरडणार, अंगणातला वर पोचवणार. "नेरळकडं घे." "आलं, आलं." "गेलं रं! माथेरानकडं घे जरा." अर्धा दिवस असा गेला की चित्र बसे. 'बसलं' हाच शब्द होता. बसलं की बांबू तारेने आवळायचा आणि त्यानंतर अँटेनेला, वायरला, मागच्या स्क्रूंना कुणी हात लावायचा नाही. पोरांनी तर नाहीच. आमचा गेम खेळायला दर वेळी तेच स्क्रू सोडवावे लागत. त्या घरातल्या म्हातारबुवांनी मला विचारलं, "बसलेलं चित्र आमी चेंडूसाटी उठवायचं व्हय?"

पाटलांकडे मी वायर परत लावल्यावर सगळे पडद्याकडे पाहत राहिले. पाटील म्हणाले, "आधीसारखं नाय." मला फरक दिसला नाही. तरी दोन माणसं कौलांवर चढली आणि दीड तास नेरळ-माथेरान झालं. मी अंगणात उभं राहून निरोप पोचवले.

कारखान्यात आल्यावर तसलीच अँटेनाची चपटी वायर टेबलावर घेऊन स्क्रूखाली लावून-काढून पाहिली. आत केसासारखे तांब्याचे धागे असतात. सातव्या वेळी दोन तुटले. दहाव्या वेळी एका बाजूची वायर हातात आली. म्हणजे पाटील बरोबर होते आणि मी चूक. तसं वहीत लिहिलं.

आकडा काढला: वर्षाला चाळीस.

डब्याच्या वेळी शोभाताई माझ्या टेबलाशी आल्या. चौकच्या बाजूला राहायच्या. बारा वर्षं लाइनवर, हात असा की त्यांचं सोल्डरिंग तपासायला कुणी भिंग घेत नसे. त्यांनी सरळ विचारलं, "किती लिवलं भाऊ?"

"चाळीस."

"चाळीस म्हंजी आमचं आठ दिसांचं काम."

"हो."

"दोनशे नाय लिवता यायचं?"

लिहिता येईल, पण खपणार नाहीत, मी म्हणालो. मग माल पडून राहील आणि लाइन दिवाळीऐवजी होळीला बंद होईल. त्यांनी वही ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. मी डबा संपवला. त्या शेवटच्या पानावर आल्या तेव्हा त्यांचं बोट चौथ्या रकान्यावर होतं.

"ह्ये काय हाय?"

"इतर. विषयाबाहेरचे प्रश्न."

त्या रकान्यात गावांतल्या बारापैकी अकरा घरांपुढे एकच वाक्य होतं: 'याने चित्र साफ होतं का?' अँटेना आणि टीव्हीच्या मधे खोका बसतोय म्हटल्यावर लोकांना तो चित्र सुधारणाराच वाटला होता. बारावं घर टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचं होतं. मी अकराही ठिकाणी 'नाही' असं प्रामाणिक उत्तर देऊन पुढचा प्रश्न विचारला होता.

"आकरा घरांनी येकच वस्तू मागितली," शोभाताई म्हणाल्या, "आन् तुमी ती 'इतर'मधी टाकली?"

"ती आपण बनवत नाही."

"रेडिओ तरी आमी आईच्या पोटातनं शिकून आलो व्हतो का?"

त्या वस्तूला बूस्टर म्हणतात. अँटेनाकडून आलेला अशक्त सिग्नल थोडा वाढवून टीव्हीला देणारं छोटं सर्किट. त्यात एक ट्रान्झिस्टर आणि मूठभर सुटे भाग असतात. रेडिओ जोडणाऱ्या बाईला ते अवघड नव्हतं. आणि एकदा बसवला की स्क्रू पुन्हा सोडवावे लागत नाहीत.

साहेबांपुढे मी दोन आकडे ठेवले.

"ठोंबरे, मी गेमचं विचारलं होतं."

"तोही दिलाय साहेब. चाळीस."

"अहो, पोरं वेडी होतील."

"झाली साहेब. पहिल्या दिवशी. पण वायरीला हात लावायची परवानगी पोरांना नाही."

साहेबांनी वही चाळली. खिडकीबाहेर शेडमध्ये चारशे कॅबिनेट रचून ठेवली होती, तिकडे पाहिलं. मग म्हणाले की चिपा पन्नासच मागवू, आणि बूस्टर शंभर करून बघू, पण त्याच खोक्यांत.

अडचण एक होती. कॅबिनेटला बटणांसाठी दोन भोकं होती आणि बूस्टरला बटण लागत नाही. भोकं उघडी ठेवली तर झुरळं आत जातील, असं शोभाताई म्हणाल्या. बटणंही चारशे जोड्या येऊन पडली होती. त्यांनी ती नुसतीच बसवली. फिरत, पण आत कशालाही जोडलेली नव्हती. ग्राहकाची फसवणूक होऊ नये म्हणून मी खोक्यात चिठ्ठी टाकायला लावली: 'बटणांचा उपयोग नाही.' साहेब नाखूश होते, पण चिठ्ठी प्रत्येक खोक्यातून गेली.

गेम वर्षभरात सदतीस गेले. चाळीसच्या इतकं जवळ माझं आयुष्यात काही आलेलं नाही. बूस्टरचा माझा फोरकास्ट वर्षाला शंभर होता. गेमची पन्नास सोडून उरलेली साडेतीनशे कॅबिनेट होळीच्या आत संपली आणि नवीन साचा करावा लागला. एकाच वहीतून काढलेला एक आकडा बरोबर आला आणि एक साफ चुकला. कारण सोपं आहे. पहिला मी विचारलेल्या प्रश्नांवरून काढला होता आणि दुसरा लोकांनी विचारलेल्या प्रश्नावरून, जो मी नीट मोजलाच नव्हता. पुढे मी कुठल्याही पाहणीत 'इतर' हा रकाना पहिला पाडला, आणि रुंद.

लाइन चालू राहिली. अकराच्या चौदा बायका झाल्या. शोभाताई निवृत्त होईपर्यंत डब्याच्या वेळी कुणी मला काही सांगायला लागलं की म्हणायच्या, "इतरमधी टाकू नका हां भाऊ."

दुसऱ्या वर्षी चौकवरून जाताना पाटलांनी मला आत बोलावलं. टीव्हीवर आमचा खोका होता, त्याखाली विणलेला रुमाल. पाटील म्हणाले, वस्तू चांगली आहे, फक्त उजवं बटण काही कामाचं नाही.

मी म्हणालो, दोन्ही नाहीत. चिठ्ठीत लिहिलं होतं.

"उजव्याचं आसंल," पाटील म्हणाले. "डावं थोडं नेरळकडं फिरवलं का साफ व्हतं. तुमीच बघा."

मी उठून डावं बटण थोडं फिरवलं. चित्र जरा साफ झाल्यासारखं वाटलं. वही सोबत होती, पण मी त्याची नोंद केली नाही.