दवंडी न पिटलेला दिवस

"परत सांगा."

कुणालाही काही सांगून झालं की ते असं म्हणत आणि समोरचा ते परत सांगेपर्यंत जागचे हलत नसत. तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतली भाजीवाली त्यांची मोपेड दिसली की आपणहून पाठ म्हणायला लागे: वांगी अर्धा किलो, शेवग्याच्या दोन शेंगा, कढीपत्ता फुकट. भाचीच्या लग्नात त्यांनी भटजींना मुहूर्ताची वेळ परत सांगायला लावली. भटजी इतके गडबडले की चुकीचीच सांगून बसले. त्यांची बायको म्हणायची, ह्या माणसाला मी लग्नाला हो म्हटलं तेसुद्धा दोनदा म्हणायला लागलं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण त्यांना चक्रम म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. मीही तेच केलं. आम्ही दोघं एकाच ऑफिसात, ते इंजिनिअर आणि मी हेडक्लार्क. दिवसभर तमिळ बोलायचं आणि संध्याकाळी गल्लीत भेटलो की आपलं तंजावरी मराठी.

आमचं ऑफिस पाण्याचं. वरचं धरण भरलं की जास्तीचं पाणी लोखंडी दरवाजे उचलून कोळ्ळिडम नदीत सोडायचं. त्या नदीच्या पात्रातच गाळाच्या उंचवट्यावर काही घरं आहेत. मोगरा लावतात, केळी लावतात, शेळ्या पाळतात. दरवाजे उचलण्याआधी तिथं दवंडी पिटायची, हा नियम. बाकीचे इंजिनिअर दवंडीवाल्याला चिठ्ठी देत आणि मोकळे होत. हे मात्र त्याला मोपेडवर मागे बसवून स्वतः जात आणि दारोदार विचारत, काय ऐकलंत, परत सांगा.

तिथं सेल्वी नावाची बाई होती, मोगरा तोडणारी. ती त्यांची हुबेहूब नक्कल करी. कमरेवर हात ठेवून, चष्मा वर सारल्यासारखं करून सगळ्या वस्तीसमोर म्हणे: पाणी येतंय, दोन तासांत, आधी म्हातारी माणसं, मग जनावरं, भांडीकुंडी राहू द्या. वस्ती पोट धरून हसे आणि हसत हसत नदीच्या बांधावर चढे. ते जराही चिडत नसत. उलट ऑफिसात येऊन मला सांगत, अक्का, सेल्वीला सगळं बरोबर पाठ आहे.

आता त्या दिवसाचं सांगते. चार दिवस पाऊस थांबलेला नव्हता. दुपारी जेवणाच्या सुमाराला मी फायली घेऊन वरच्या साहेबांच्या खोलीत उभी होते. इंजिनिअरांचा धरणाच्या दरवाज्यांवरून फोन आला आणि साहेबांनी तो स्पीकरवर घेतला. शहराकडच्या कालव्याचा बांध पाझरायला लागला होता. तो फुटला असता तर पाचसहा गावं बुडाली असती. साहेब म्हणाले, दरवाजे उचला, पाणी नदीत सोडा, आत्ता. इंजिनिअरांनी विचारलं, दवंडी झाली का? नसेल तर एक तास द्या, मी स्वतः जाऊन येतो.

साहेब म्हणाले, सांगून झालं.

"परत सांगा, सर."

"सोल्लियाच्चु. सांगून झालं म्हणतोय ना."

साहेबांनी परत सांगितलं आणि त्यांनी विश्वास ठेवला. भाजीवालीवर ज्यानं ठेवला नाही, भटजीवर ठेवला नाही, त्यानं साहेबावर ठेवला. आयुष्यभरात त्यांनी एवढी एकच चूक केली.

कारण काहीही सांगून झालं नव्हतं. साहेबांनी मोबाइलवर एका ग्रुपात एक ओळ टाकली होती. त्या ग्रुपात सगळे अधिकारी. नदीच्या पात्रातलं एक कुत्रंसुद्धा त्यात नव्हतं. दवंडीची चिठ्ठी माझ्या हातून निघते आणि मी ती लिहिलीच नव्हती. कुणी मागितलीच नव्हती. साहेब "सांगून झालं" म्हणाले तेव्हा हे मला ठाऊक होतं. फोन अजून चालू होता. मी एक हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. मी फायली छातीशी धरून उभी राहिले. साहेबाचं तोंड, महिन्याभरावर आलेल्या बदल्या, लेकीचं ठरत आलेलं लग्न, एवढं सगळं त्या अर्ध्या मिनिटात माझ्या डोक्यात येऊन गेलं. तिकडची माणसं तेवढी आली नाहीत.

दरवाजे उचलले. कालव्याचा बांध वाचला आणि गावंही वाचली, हे मला कुणी सांगायला नको. वस्तीतली माणसं जीव घेऊन झाडांवर, छपरांवर चढली. सेल्वी शेळ्या सोडवायला पात्रात उतरली होती. तिसऱ्या दिवशी ती खालच्या केळीच्या बागेत सापडली.

मग कागद आला. दवंडी वेळेवर पिटली, असा. तो टाइप कुणी केला? मीच केला. त्यावर इंजिनिअरांनी सही केली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. साहेब सुटले असते, तेही सुटले असते, सेल्वीनं ऐकलं नाही असं ठरलं असतं. मेलेल्या बाईवर ढकलायला कुणाचं काय जातं? त्यांनी कागद वाचला, सहीची जागा रिकामी ठेवली आणि खाली आपल्या हातानं लिहिलं: दवंडी झाली नव्हती. दरवाजे मी उघडले.

सगळं ऑफिस म्हणालं, वेडा आहे. साहेबांनी त्यातलं दुसरं वाक्य तेवढं उचललं. इंजिनिअर निलंबित झाले आणि चौकशी बसली. फोनवर काय बोलणं झालं ते खोलीत आणखी कुणी ऐकलं का, असं चौकशीत विचारलं. मला बोलावलं. दवंडीवाला माझ्या आधी आत गेला होता. त्या दिवशी दवंडीला आपल्याला कुणी बोलावलंच नाही, असं तो ठणकावून सांगून आला. रोजावरचा माणूस तो. तेव्हापासून त्याला काम नाही, ऑफिसानं दवंडीऐवजी भोंगा विकत घेतला. आणि मी, कायम नोकरीवाली, मी म्हणाले, आठवत नाही.

चुलीत जावो असली नोकरी, असं आता म्हणते. तेव्हा म्हणाले नाही.

त्यानंतरही गल्लीत भेटले की ते विचारत, काय अक्का, जेवलांत? आवाज तोच. त्यांनी एक दिवस तरी तोंड फिरवायचं होतं, एक शिवी तरी हासडायची होती. मला त्यांच्यावर रागवायची सोयसुद्धा त्यांनी ठेवली नाही आणि ह्याचाही मला राग येतो. दर शुक्रवारी ते वस्तीवर जात. सेल्वीचा नवरा त्यांना अंगणात पाऊल टाकू देत नसे. ते बाहेर चिंचेखाली तासभर बसत आणि परत येत. दवंडीवाल्यानं मला हे सांगितलं, तेही मान वळवून.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. सकाळी मोपेड पुसता पुसता खाली बसले ते उठलेच नाहीत. माणूस गेला की चौकशी बंद होते, असा नियम आहे. ते पत्रही मीच टाइप केलं: संबंधित कर्मचारी मयत झाल्यामुळे प्रकरण बंद करण्यात येत आहे. साहेब तोवर बढती घेऊन चेन्नईला गेले होते. पत्र पोस्टानं पाठवायचं असतं. मी ते घेऊन इंजिनिअरांच्या घरी गेले.

वहिनींनी दार उघडलं, "बैसा, अक्का" म्हणाल्या आणि न विचारता कॉफी आणून ठेवली. पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग विचारलं, "ह्यांत ते चुकले म्हणून लिहिलंय, की नाही चुकले म्हणून?"

मी म्हणाले, "दोन्ही नाही लिहिलं."

"तुम्ही त्या दिवशी खोलीत होतांत की?"

"होते."

"मग मला तरी सांगा."

मी सांगितलं. फोन, साहेबांचं बोलणं, न लिहिलेली चिठ्ठी, माझं उभं राहणं, चौकशीतलं माझं उत्तर, सगळं, एक शब्द न गाळता. चौकशीत हे सांगायला मला तीन मिनिटं लागली असती.

त्यांनी मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. मग उठल्या, माझ्यापुढची, मी अजून तोंडही न लावलेली कॉफी उचलली आणि आत घेऊन गेल्या.